रक्तातील विष आणि पुराव्याचा भार

धम्मदीक्षा घेताना आपल्या कुटुंबांनी ज्या गोष्टी मागे टाकल्या, त्यांत दैवावरील विश्वास ही एक मोठी गोष्ट होय. पूर्वी घरात रोगराई शिरली की ती मागील जन्मीच्या पापाचे फळ समजून सोसली जाई. देवीला कोंबडे दिले जाई, अंगारे-धुपारे होत, आणि माणूस गेला की “त्याचे तेवढेच होते” असे म्हणून घरचे गप्प बसत. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धान्त नाकारला आहे, याचे कारण केवळ तात्त्विक नाही. जो समाज आपल्या दुःखाचे कारण मागील जन्मात शोधतो, तो या जन्मातील गुन्हेगारास आपणहून निर्दोष सोडतो. दुःखाला कारण आहे आणि ते कारण शोधून दूर करता येते, ही भगवान बुद्धांची शिकवण ज्याने पत्करली, त्याने आजाराच्या बाबतीतही हाच प्रश्न विचारला पाहिजे: हे कशामुळे झाले, आणि कोणामुळे?

हा प्रश्न आज विशेष निकडीने मांडण्याचे कारण असे की आपल्या काळातील काही विषे डोळ्यांना दिसत नाहीत, जिभेला लागत नाहीत आणि नाकाला कळत नाहीत. ती पाण्यातून व हवेतून माणसाच्या रक्तात शिरतात आणि तेथे वर्षानुवर्षे मुक्काम करतात. त्यांपैकी एका रसायनाची हकीकत प्रस्तुत लेखात सांगावयाची आहे. ती घडली अमेरिकेत. परंतु तिच्यातील न्यायाचा प्रश्न सर्व देशांतील गरिबांचा आहे, आणि तिचा एक धागा आपल्या कोकणापर्यंत येऊन पोहोचला आहे.

या रसायनाचे नाव परफ्लुओरोऑक्टॅनोइक आम्ल, संक्षेपाने पीएफओए. त्यात कार्बनचे आठ अणू असल्यामुळे कारखान्यातील लोक त्यास ‘सी-८’ म्हणत. ते निसर्गात आढळत नाही. मनुष्याने ते विसाव्या शतकाच्या मध्यास तयार केले. अमेरिकेतील थ्री-एम या कंपनीने ते बनविले आणि ड्यूपाँट या कंपनीने १९५१ पासून वेस्ट व्हर्जिनिया राज्यात पार्कर्सबर्ग शहराजवळच्या, ओहायो नदीकाठच्या कारखान्यात ते वापरावयास आरंभ केला. अन्न न चिकटणाऱ्या तव्यांवर जो टेफ्लॉनचा लेप असतो, तो तयार करण्याच्या प्रक्रियेत हे रसायन लागे. कार्बन व फ्लोरिन यांचा बंध रसायनशास्त्रातील अत्यंत बळकट बंधांपैकी एक आहे. म्हणून हे रसायन उन्हाने, पावसाने वा मातीतील जंतूंनी नष्ट होत नाही. माणसाच्या शरीरात शिरलेले पीएफओए निम्मे होण्यास दोन ते चार वर्षे लागतात. तोवर आणखी दूषित पाणी पोटात गेले तर साठा वाढतच जातो. ते गर्भवतीच्या रक्तातून गर्भात उतरते आणि आईच्या दुधातही आढळते. पाणी उकळल्याने ते जात नाही.

आता कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग असा की हे सर्व कोणास कळले होते आणि कोणापासून लपविले गेले. हे रसायन नदीनाल्यांत वा गटारांत सोडू नये, अशी सूचना खुद्द ड्यूपाँटच्या अंतर्गत नियमांत होती. तरीही ओहायो नदीत ते सोडले गेले आणि त्याचा हजारो टन गाळ उघड्या खड्ड्यांत साठविला गेला. १९६१ साली कंपनीच्या संशोधकांना प्राण्यांच्या यकृतावर त्याचा परिणाम दिसला होता. १९८१ साली गर्भवती उंदरांवरील प्रयोगांची वार्ता आल्यावर कंपनीने त्या विभागातील स्त्री-कामगारांना हलविले. त्यांच्या सात अर्भकांची तपासणी केली असता दोघांच्या डोळ्यांत दोष आढळला. १९८४ साली कंपनीने आसपासच्या नळाच्या पाण्याचे नमुने गोळा करून तपासले व त्यांत हे रसायन असल्याचे तिला समजले. १९९१ साली तिच्याच शास्त्रज्ञांनी पिण्याच्या पाण्यासाठी एक अब्जात एक भाग अशी अंतर्गत मर्यादा ठरविली, आणि त्याच वर्षी एका भागातील पाण्यात त्याच्या तिप्पट प्रमाण सापडले. ते पाणी पिणाऱ्या लोकांना मात्र कोणीही काही सांगितले नाही.

ही गोष्ट उजेडात आली ती एका गुराख्यामुळे. विल्बर टेनंट हा पार्कर्सबर्गचा शेतकरी. त्याच्या कुटुंबाने विकलेल्या जमिनीवर कंपनीने कचऱ्याचे आगार केले आणि त्यातून वाहणाऱ्या ओढ्याचे पाणी पिऊन त्याची गुरे मरू लागली. मेलेल्या गुरांची शरीरे त्याने स्वतः कापून पाहिली, त्यांचे चित्रीकरण केले, अधिकाऱ्यांकडे खेटे घातले. गावातील वकील, डॉक्टर, पशुवैद्य कोणीच त्याची दाद घेईना; कारण गावाची चूल त्याच कारखान्यावर पेटत होती. उलट शेजाऱ्यांनीच या कुटुंबाशी बोलणे टाकले. गावाने वाळीत टाकणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही.

१९९८ साली टेनंटने रॉबर्ट बिलॉट या वकिलास गाठले. बिलॉट हा सिनसिनाटी येथील ज्या पेढीत काम करीत असे, ती रसायन कंपन्यांचीच वकिली करणारी पेढी होती. तरीही त्याने हे काम स्वीकारले, १९९९ मध्ये दावा दाखल केला आणि न्यायालयाच्या हुकुमाने कंपनीकडून एक लाखाहून अधिक पृष्ठांची कागदपत्रे मिळविली. वर सांगितलेल्या तारखा याच कागदांतून बाहेर आल्या. व्यवसायबंधूंच्या ध्यानी यावे म्हणून लिहितो की या खटल्यात कोणी फिर्यादी साक्षीदार फुटला नाही, कोणी कबुलीजबाब दिला नाही. प्रतिपक्षाच्या स्वतःच्या दप्तराने त्याचा पराभव केला. कागद मागणे हा गरिबाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत धारदार हक्क आहे.

त्यानंतर २००१ साली नळाचे दूषित पाणी पिणाऱ्या समस्त लोकांच्या वतीने सामूहिक दावा उभा राहिला. येथे एक कायदेशीर अडचण होती. माणूस आजारीच पडला नसेल तर त्याने नुकसानभरपाई कशाची मागावी? परंतु वेस्ट व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली एका अन्य प्रकरणात असे ठरविले होते की विषाशी संपर्क आल्यामुळे ज्याच्या आजाराचा धोका वाढला आहे, त्यास आजार होण्यापूर्वीच वैद्यकीय तपासणीचा खर्च मागता येतो. या तत्त्वावर दावा टिकला. २००४ मध्ये तडजोड झाली. सहा पाणीपुरवठ्यांना गाळणी-यंत्रे द्यावयाची, ७ कोटी डॉलर द्यावयाचे, आणि दोन्ही पक्षांस मान्य अशा तीन शास्त्रज्ञांच्या मंडळाने या रसायनाचा आजारांशी संबंध आहे की नाही हे ठरवावयाचे, असे ठरले. संबंध संभाव्य ठरला तर, हे रसायन तो आजार घडवू शकते ही गोष्ट कंपनीने अमान्य करावयाची नाही, ही त्या करारातील सर्वांत मोलाची अट होती.

मग त्या लोकांनी जे केले त्यातून आपण धडा घ्यावा असे आम्हांस वाटते. मिळालेल्या पैशाची वाटणी करून प्रत्येकाने आपला हिस्सा घेऊन घरी जाणे सोपे होते. त्यांनी तो पैसा रक्ताच्या तपासणीस लावला. रक्त देणाऱ्या प्रत्येकास ४०० डॉलर दिले गेले आणि २००५-०६ मध्ये सुमारे ६९,००० लोकांनी रक्ताचे नमुने दिले. त्यांच्या रक्तातील पीएफओएचे मध्यक प्रमाण एका मिलिलिटरमागे सुमारे २८ नॅनोग्रॅम निघाले. इतर अमेरिकनांच्या रक्तात ते सुमारे ४ होते. एवढ्या मोठ्या समाजाने आपले रक्त हाच पुरावा म्हणून मांडल्याची उदाहरणे विरळाच. २०११ व २०१२ साली शास्त्रज्ञ-मंडळाने निर्णय दिला की मूत्रपिंडाचा कर्करोग, वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, मोठ्या आतड्याचा व्रणयुक्त दाह, गरोदरपणातील उच्च रक्तदाब आणि रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल या सहा व्याधींशी या रसायनाचा संभाव्य संबंध आहे. २०१७ साली सुमारे ३,५५० दावे ६७ कोटी १० लाख डॉलर देऊन मिटविण्यात आले. कंपन्यांनी आपला दोष मात्र कबूल केला नाही. विल्बर टेनंट २००९ मध्येच निवर्तला होता.

या हकीकतीची आणखी एक बाजू आहे. हे विष पार्कर्सबर्गपुरते राहिलेच नाही. १९९९ पासून अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-तपासण्यांत जवळजवळ प्रत्येक माणसाच्या रक्तात पीएफओए सापडले. परंतु उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद होत गेले, तसतसे २०१८ पर्यंत हे प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरले. प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धान्त आपण वंदनेच्या वेळी ऐकतो. त्याचे याहून स्वच्छ उदाहरण कोणते? कारण दूर झाले, परिणाम ओसरला. यास ना नवस लागला ना शांत. २०१९ साली स्टॉकहोम कराराखाली या रसायनाचा समावेश नष्ट करावयाच्या पदार्थांत झाला, आणि २०२३ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने त्यास माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातले.

आता आपल्याकडे वळू. इटलीच्या व्हिचेन्झा प्रांतात मितेनी नावाचा कारखाना पीएफओए व त्याच्या भावकीतील रसायने बनवीत असे. २०१३ साली तेथील तीन प्रांतांच्या भूजलात ही रसायने पसरल्याचे उघड झाले. तीन लाखांहून अधिक लोकांच्या पाण्याचा तो प्रश्न होता. आपल्या मुलांच्या रक्तातील आकडे हाती घेऊन तेथील माता रस्त्यावर आल्या. २०१८ साली कारखान्याचे दिवाळे निघाले, आणि २६ जून २०२५ रोजी व्हिचेन्झाच्या न्यायालयाने त्याच्याशी संबंधित ११ अधिकाऱ्यांना कारावासाच्या शिक्षा ठोठावल्या. त्यांतील सर्वांत मोठी शिक्षा साडेसतरा वर्षांची आहे. दरम्यान दिवाळखोरीनंतर त्या कारखान्याची यंत्रसामग्री विकली गेली. ती घेतली मुंबईच्या एका रसायन-उद्योगाच्या उपकंपनीने, आणि ती आली रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम येथील औद्योगिक वसाहतीत. बाबासाहेबांच्या आंबडवे गावाचा हाच जिल्हा.

येथे काटेकोरपणे लिहिणे अवश्य आहे. लोट्यातील त्या नव्या मालकाने पाणी दूषित केले असा आरोप आम्ही करीत नाही. यंत्र गुन्हेगार नसते, आणि पुराव्यावाचून आरोप करणे वकिलास शोभत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्या प्रकारच्या उत्पादनामुळे एका देशातील पाणी नासले, ते उत्पादन दुसऱ्या देशात येते तेव्हा ते निर्धोक आहे हे कोणी सिद्ध करावयाचे? कारखान्याने की खाडीवर मासे धरणाऱ्या कोळ्याने, वसाहतीलगतच्या वाडीत हापशाचे पाणी भरणाऱ्या बाईने?

या प्रश्नाला आपल्या इतिहासात उत्तर आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले हे प्रत्येक बौद्ध मुलास ठाऊक असते. परंतु त्यानंतर त्या तळ्यासाठी दहा वर्षे दिवाणी दावा चालला हे थोड्यांना ठाऊक असते. तळे आपले आहे व अस्पृश्यांना तेथे मज्जाव करण्याची प्राचीन वहिवाट आहे, असे वादी सवर्णांचे म्हणणे होते. १९३७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने निर्णय दिला तो याच मुद्द्यावर की अशी अनादी वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही. म्हणजे पुराव्याचा भार ज्याने लोकांचे पाणी रोखले त्याच्यावर पडला, आणि तो त्यास पेलला नाही.

स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व पर्यावरणाच्या बाबतीत पुढे नेले आहे. १९९१ च्या सुभाषकुमार प्रकरणात प्रदूषणमुक्त पाणी व हवा यांचा उपभोग हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग मानला गेला. १९९६ च्या वेल्लोर प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले की आपली कृती पर्यावरणास निरुपद्रवी आहे हे सिद्ध करण्याचा भार उद्योजकावर आहे. तत्त्व उत्तम आहे. उणीव आहे ती ते अंमलात आणण्याच्या साधनांत. पिण्याच्या पाण्यासाठी असलेल्या आयएस १०५०० या २०१२ च्या भारतीय मानकात पीएफओएची मर्यादा घालून दिलेली नाही. स्टॉकहोम करारातील ज्या सात रसायनांना केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२० मध्ये मान्यता दिली, त्यांत पीएफओए नव्हते. ज्या विषाची मर्यादाच कायद्यात लिहिलेली नाही, त्या मर्यादेचे उल्लंघन झाले असे कोणते न्यायालय म्हणणार?

दुसरी उणीव मुदतीची. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्याखाली भरपाईचा अर्ज कारण घडल्यापासून पाच वर्षांत करावा लागतो. साठ दिवसांची सवलत मिळू शकते. हे रसायन मात्र वीस-वीस वर्षांनी आपले रूप दाखविते. तेव्हा आजार होण्यापूर्वी तपासणीचा खर्च मागण्याचा हक्क आणि मुदत आजार कळल्यापासून मोजण्याची तरतूद, या दोन मागण्या आपल्या संघटनांनी उघडपणे केल्या पाहिजेत. तिसरी उणीव जनसुनावणीची. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेने मोठ्या प्रकल्पांसाठी तीस दिवसांच्या नोटिशीने जनसुनावणी व स्थानिक भाषेत अहवालाचा सारांश अशी तरतूद केली. परंतु मान्यताप्राप्त औद्योगिक वसाहतींतील प्रकल्पांना त्यातून सूट ठेवली. म्हणजे जेथे विषाचा संभव अधिक, तेथेच लोकांचे तोंड बंद.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल, आणि तो आपल्याच घरांतून घेतला जाईल. आमची पोरे वसाहतीत कामास आहेत. गावकीची कामे आम्ही सोडली, जमीन आम्हांस नव्हतीच. आता कारखान्याविरुद्ध बोललो तर खायचे काय? हा आक्षेप हलका नाही. ज्याने गावाची बलुतेदारी झुगारून शहराची वा वसाहतीची वाट धरली, त्याच्या हातात पगाराशिवाय दुसरे काय आहे? परंतु नीट विचार करता दिसून येईल की रोजगार हवा असेल तर पाण्याविषयी विचारू नका, ही अट गावकीच्याच अटीसारखी आहे. तेथेही भाकरीच्या बदल्यात मान झुकवावयाची होती. आम्ही कारखाने बंद करा असे म्हणत नाही. ते बाबासाहेबांच्या विचारास धरून होणार नाही, कारण औद्योगिकीकरणाचे ते खंदे पुरस्कर्ते होते. पण १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून त्यांनी कामगाराच्या आरोग्याचा व कल्याणाचा प्रश्न राज्याच्या कर्तव्यात आणला हेही तितकेच खरे. पार्कर्सबर्गला पाणी गाळण्याची यंत्रे बसली, आणि कारखाना चालूच राहिला. भाकर की पाणी, ही निवड कोणी आपल्यापुढे ठेवीत असेल तर ती निवडच खोटी आहे. शिवाय सम्यक् आजीविका हे अष्टांगमार्गाचे एक अंग असून विषाचा व्यापार हा उपासकाने वर्ज्य करावयाच्या पाच व्यापारांपैकी एक आहे, हे मालकास नसले तरी आपणांस ठाऊक असावे.

नवदीक्षित कुटुंबांत आणखी एक भीती असते. धर्म बदलला, तेव्हा कायद्याचे संरक्षणही गेले असेल काय? तसे नाही. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा अनुसूचित जातींतील दर्जा मान्य झालेला आहे. १९८९ च्या अत्याचार-प्रतिबंधक कायद्यात, अनुसूचित जातीच्या लोकांच्या नेहमीच्या वापरातील पाणवठा नासविणे हा गुन्हा ठरविला आहे. तो कायदा प्रत्येक कारखान्यास लागू करता येईल असे नाही. परंतु आपल्या वाडीचा पाणवठा ही कायद्याने जपलेली वस्तू आहे, एवढे त्यातून निश्चित होते.

मग करावे काय? जेथे आपली वस्ती औद्योगिक वसाहतीच्या लगत आहे, तेथे विहीर, हापसा व ओढा यांची नोंदवही ठेवावी. पाण्याचा रंग, वास, मेलेली गुरे व मासे, वस्तीतील आजार तारखेनिशी लिहावेत. टेनंटने यापेक्षा अधिक काही केले नव्हते. माहितीच्या अधिकाराखाली, दहा रुपयांच्या शुल्कात, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून कारखान्यांची संमतीपत्रे व पाणी-तपासणीचे अहवाल मागावेत. ग्रामसभेत ठराव करून पीएफओए व त्याच्या वर्गातील रसायनांसाठी पाणी तपासण्याची मागणी नोंदवावी. ही तपासणी खर्चाची आहे व साध्या दवाखान्यात होत नाही, म्हणूनच ती शासनाने व उद्योगाने करावी असा आग्रह धरावा. घरात उलट-परासरणाचे किंवा सक्रिय कोळशाचे गाळणीयंत्र असल्यास हे प्रमाण कमी होते, पण ज्याच्याजवळ पैसा त्यालाच शुद्ध पाणी, ही व्यवस्था आपण मान्य करता कामा नये. आणि कोणा भगिनीस भीती वाटून तिने मुलास अंगावर पाजणे सोडू नये. तज्ज्ञ तसा सल्ला देत नाहीत. रक्तात रसायन सापडणे म्हणजे आजार नव्हे. तो पुरावा आहे, आणि पुरावा घाबरण्यासाठी नसतो.

बाबासाहेबांनी बुद्धचरित्र लिहिताना सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे मूळ रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात उत्पन्न झालेल्या कलहात दाखविले आहे. पाण्याचा न्याय हा अशा रीतीने आपल्या धम्माच्या उगमापाशीच उभा असलेला प्रश्न आहे. महाडला आपण पाणी पिण्याचा हक्क मिळविला. त्या पाण्यात काय मिसळले आहे हे विचारण्याचा हक्क हा त्याच हक्काचा उरलेला अर्धा भाग होय, आणि तो मिळेपर्यंत चवदार तळ्याचा दावा पूर्णपणे निकालात निघाला असे आम्ही मानीत नाही.